जपलेल्या जुन्या बस भाड्याने द्यायच्यात, ताफा कसा चालवायचा? अनुभवी मंडळींनी सांगा

अर्धीकेबिन

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबलंय जरा, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी आणि माझा एक मित्र, दोघांनी मिळून गेल्या अकरा वर्षांत तीन जुन्या बस चालत्या केल्यात. पहिली बेडफर्ड ओबी, १९५० ची, २९ सीटची, ड्यूपल व्हिस्टा बॉडी, ती गोल नाकाची पेट्रोलवाली. दुसरी लेलँड टायटन पीडी-२ डबल डेकर, मागे उघडा प्लॅटफॉर्म आणि ड्रायव्हर पुढे एकटाच अर्ध्या केबिनमध्ये (आयडीचं नाव तिच्यावरूनच घेतलंय). तिसरी १९६० च्या दशकातली रूटमास्टर, लंडनची ती डबल डेकर, ही चालू मिळाली पण वायरिंग आणि खालच्या मजल्याची फळी सगळी नव्याने करावी लागली.

आत्तापर्यंत वर्षातून पाच-सहा वेळा मेळाव्याला न्यायच्या, लोकांनी फोटो काढायचे, पोरांनी वर-खाली पळायचं, संध्याकाळी परत शेडमध्ये. पण दर वेळी कोणीतरी विचारतंच की लग्नाला द्याल का, शूटिंगला द्याल का. दोन वेळा ओळखीत फुकट दिली. आता शेडचं भाडं, टायर, विमा हे सगळं दोन माणसांच्या पगारात बसेनासं झालंय आणि एक तरी गाडी विकावी लागेल अशी वेळ आलीये. विकायची आमची अजिबात इच्छा नाही. म्हणून रीतसर परवाना काढून भाड्याने द्यायचा धंदाच करावा आणि हळूहळू पाच-सहा गाड्यांचा ताफा करावा असं डोक्यात आहे.

प्रश्न असे की पुढची गाडी कुठली घ्यावी, दर कसा काढावा, आणि भाड्याच्या कामात नेमकं काय मोडतं जे मेळाव्याला जाऊन कळत नाही? मित्राचं म्हणणं रूटमास्टरमध्ये नवीन इंजिन टाकून मोकळं व्हावं म्हणजे दर शनिवारी जीव मुठीत धरायला नको. मला ते पटत नाहीये पण त्याचंही चूक म्हणवत नाही.

आणि खरी भीती वेगळीच आहे. गाडी वाचवायला म्हणून धंदा काढायचा आणि धंद्यातच तिला झिजवून संपवायचं, असं तर होणार नाही ना?

ग्रीसगन

धागा काढलात ते फार बरं केलंत. मी वर्कशॉपवाला माणूस, आमच्याकडे सात गाड्या आहेत, त्यातल्या पाच भाड्याने जातात, दोन मुद्दाम जात नाहीत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. झिजते, हो. पण उभी राहूनही मरते. सील वाळतात, ब्रेकचे सिलिंडर चिकटतात, टाकीत पाणी धरतं. आठवड्याला एकदा नीट गरम होऊन चाललेली गाडी माझ्या अनुभवात उभ्या गाडीपेक्षा जास्त निरोगी असते. पण एका अटीवर, की तुम्ही वर्षाला तिचे दिवस ठरवून टाका आणि ते पाळा. आमच्याकडे एका डबल डेकरला वर्षात तीस दिवसांच्या वर भाडं नाही, एकतिसावं आलं तरी नाही म्हणतो.

आता मेळावा आणि भाडं यातला फरक. मेळाव्याला गाडी जवळजवळ रिकामी जाते, वाटेल तिथे थांबते. भाड्याला ती भरून जाते. रूटमास्टर रिकामी साधारण साडेसात टनांची, ६४ सीट भरल्या की चार टनांच्या वर माणसं चढली, म्हणजे निम्म्याहून जास्त वजन एका झटक्यात वाढलं. पाटे, स्प्रिंगा, ब्रेक, रेडिएटर, सगळ्याची खरी परीक्षा तेव्हा. तेव्हा पैसे घ्यायच्या आधी ओळखीची साठ माणसं गोळा करा नाहीतर वाळूची पोती भरा आणि एक चांगला चढ-उतार करून या. खाली आल्यावर चारही चाकांच्या हबपाशी हात जवळ नेऊन बघा (लावू नका, भाजेल), एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथे ब्रेक धरतोय आणि एक गार असेल तर तिथे ब्रेक लागतच नाहीये. हे दुसरं जास्त वाईट. आणि ब्रेकचा ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने तर मुळीच नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

टायर. जुन्या बसचे टायर घासून संपत नाहीत, वयाने मरतात, नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतून गेलेला असतो. बाजूला चार आकडी कोड असतो, ३५१९ म्हणजे २०१९ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून बसच्या पुढच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकांवर १० वर्षांहून जुना टायर चालवायलाच बंदी आहे, आणि यातली मेख बघा, ४० वर्षांहून जुन्या गाडीला सूट आहे पण ती धंद्यासाठी वापरत नसाल तरच. पुष्कळ नियमांचं असंच असतं, हौशी म्हणून मिळणाऱ्या सवलती तुम्ही पहिलं भाडं घेतलं की जातात. तुमच्याकडे काय नियम आहे ते बघाच, पण नियम नसला तरी पुढचे टायर दहा वर्षांवर ठेवू नका. पुढचा टायर फुटला की भरलेली डबल डेकर कुठे जाईल ते ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

चाकांचे नट. पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. नवीन पोरगा पाना घेऊन आला आणि सैल करतोय असं समजून जोरात आवळत बसला, स्टड तुटला, हे आमच्याकडे झालंय. चाक काढून बसवलं की थोडे किलोमीटर चालवून परत आवळायचे, आणि कोणी आवळले ते वहीत लिहायचं.

तपासणीचं सांगतो. ब्रिटनच्या वाहन खात्याच्या मार्गदर्शनात १२ वर्षांहून जुन्या गाडीला सहा आठवड्यांच्या आत तपासणीच्या खड्ड्यावर (गाडीखाली उतरून बघायचा तो) घेऊन पूर्ण तपासणी सांगितलीये. आम्ही तेच धरलंय. शिवाय निघायच्या दिवशी ड्रायव्हरने सभोवार फिरून बघायचं ते वेगळं.

इंजिनाबद्दल एकच विचारतो, तुमच्या रूटमास्टरमध्ये एईसी या ब्रिटिश कंपनीचं इंजिन आहे का लेलँडचं? बहुतेक रूटमास्टर एईसीच्या ९.६ लिटरच्या, पण काहींना कारखान्यातूनच लेलँडचं ९.८ लिटरचं ओ-६०० आलं होतं. तुमच्या पीडी-२ मध्ये तेच ओ-६०० आहे. दोन्हीकडे लेलँड निघालं तर तुमचं नशीब जोरावर आहे, कारण मग एक जादाचं इंजिन दोन गाड्यांना पाठीशी उभं राहतं. काही वेगवेगळे भाग लागतील, पंप, ब्रॅकेट वगैरे, पण मुख्य माल एकच. म्हणून माझं मत, पुढची गाडी चालती घेऊच नका. एक मेलेली लेलँड घ्या, जिची बॉडी सडलीये पण इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल शाबूत आहेत. ती उघडा, तेल लावून, चिठ्ठ्या बांधून शेल्फवर ठेवा. ताफा मोठा व्हायला गाड्या नाही लागत, सुटे भाग लागतात.

तिकीटवाली

ग्रीसगन दादांचं सगळं मान्य, शेवटचं सोडून. त्यावर येते.

मी आमच्या इथे बुकिंग आणि कंडक्टरकी दोन्ही करते, नवरा गाड्या बघतो. मला सगळ्यात आधी सांगायचंय ते कॅलेंडरबद्दल. लोक म्हणतात पाच गाड्या, वर्षाचे बावन्न आठवडे, दर शनिवार-रविवार, केवढा धंदा. असं नसतं. लग्नवाल्यांना सगळ्यांना त्याच आठ-दहा तारखा हव्या असतात आणि त्या तारखांना तुमच्या पाचही गाड्या आणि पाचही ड्रायव्हर लागतात, आणि बाकीचे महिने शेडमध्ये शांतता. म्हणून दर काढताना मी असं करते की वर्षाचा जो खर्च गाडी हलली नाही तरी होणारच आहे (शेड, विमा, परवाना, तपासण्या) तो त्या गाडीच्या खऱ्या भाड्याच्या दिवसांनी भागते, मनातल्या दिवसांनी नाही. पहिल्या वर्षी बारा दिवस धरा, जास्त झाले तर आनंदच. त्यावर ड्रायव्हर-कंडक्टरचे पैसे, इंधन, आणि दर किलोमीटरमागे एक ठरलेली रक्कम जी त्या गाडीच्याच नावाने बाजूला पडते आणि तिला कोणी हात लावायचा नाही. इंजिन उघडायची वेळ आली की त्यातूनच. आमच्या पहिल्या तीन वर्षांत हे केलं नव्हतं, खिशात पैसे दिसत होते म्हणून धंदा बरा चाललाय असं वाटत होतं, मग एका हंगामात एकाच वेळी हेड गॅस्केट आणि सहा टायर आले आणि कळलं की आम्ही तीन वर्षं गाडीच खात होतो.

किलोमीटर म्हणजे शेडच्या दारापासून शेडच्या दारापर्यंत बरं का. पाहुणे बसलेले असतात वीस किलोमीटर, गाडी चाललेली असते नव्वद. आणि वेळ मी ताशी ३५ च्या हिशोबाने काढते, मोकळा रस्ता असला तरी. त्यात वर पाऊण तास राखून. जुनी बस वेळेच्या आधी पोचून उभी राहिली तर लोक खूश होतात, दहा मिनिटं उशिरा आली तर आयुष्यभर तेच सांगतात.

करारात कधीही विशिष्ट नंबरची गाडी देतो असं लिहू नका. "त्याच काळातली, तेवढ्याच सीटची" असं लिहा. आणि त्या दिवशी एक गाडी मोकळी ठेवाच. तीन असतील तर दोनच बुक करायच्या, तिसरी डिझेल भरून, धुऊन, ड्रायव्हरसकट तयार. मोह होतो फार, कारण तिसऱ्याला पण गिऱ्हाईक असतं. आम्ही एकदा मोह केला. सकाळी एका गाडीचा वॉटर पंप गेला, बदली गाडी दुसऱ्याच लग्नात, वधूकडची पस्तीस माणसं रस्त्याकडेला उभी. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. पैसे सगळे परत दिले पण ती तारीख कुठून परत देणार.

विम्याचं नीट वाचा. जुन्या गाड्यांचे हौशी लोकांसाठीचे विमे असतात त्यात सहसा भाडं घेऊन प्रवासी नेणं बसतच नाही. स्वस्त असतात ते त्यामुळेच.

रस्ता आधी बघून यायचा, दर वेळी, मी स्वतः कारने जाते. रूटमास्टर १४ फूट ४ इंचांच्या वर उंच आहे, ४.३८ मीटर. पूल सगळ्यांच्या लक्षात येतात, झाडं येत नाहीत. फांदी पुढच्या वरच्या काचेवर आली की काच तर जातेच, पण वर पुढच्या सीटवर हट्टाने बसलेली लहान मुलं असतात. केबिनमध्ये उंचीची पाटी डोळ्यासमोर लावा, फूट आणि मीटर दोन्हीत.

आणि म्हणूनच माझं मत, पुढची गाडी मेलेली लेलँड नको, एक साधी सिंगल डेकर कोच घ्या, चाळीसेक सीटची, दार असलेली. डबल डेकर फोटोत सुंदर, पण आजी-आजोबा जिना चढत नाहीत, आडवाटेच्या हॉलपर्यंत ती जात नाही, आणि उघड्या प्लॅटफॉर्मवर कंडक्टर नसेल तर मी गाडी सोडतच नाही. तुमची ओबी गोड आहे पण २९ सीटमध्ये वऱ्हाड मावत नाही. आमच्याकडे निम्मी बुकिंगं त्या एका साध्या कोचची आहेत जिच्याकडे मेळाव्यात कोणी ढुंकून बघत नाही.

शूटिंगचं थोडक्यात. पैसे चांगले, पण दिवसभर उभं राहायची तयारी ठेवा आणि आपला माणूस गाडीपासून हलता कामा नये. आमच्या गाडीवर तात्पुरत्या जाहिरातीचे स्टिकर लावले होते, काढताना खालचा हाताने मारलेला रंग सोलून आला. तेव्हापासून करारात लिहिते की चिकटवायचं काहीही नाही, फलक असेल तर आमच्या चौकटीत सरकवायचा.

डबलक्लच

मी ड्रायव्हर आहे, लिहायची फारशी सवय नाही पण यावर कोणी बोललं नाही म्हणून.

गाड्या पाच करताय, चालवणार कोण? तुम्ही दोघं. एकाला ताप आला की ताफा अर्धा झाला. जुने ड्रायव्हर म्हातारे होतायत आणि नवीन पोरांनी क्लचच मोजका वापरलाय. बसचं लायसन्स असलं म्हणजे जुनी बस येते असं नाही. गिअर टाकताना दोनदा क्लच, मध्ये इंजिनाचा वेग जुळवायचा, हे रिकाम्या गाडीत शिकवा, मग पोती भरून, मग माणसं. घाई नको, एका माणसाला एक हंगाम शेजारी बसवा. अर्ध्या केबिनमध्ये शेजारी जागाच नाही म्हणून शिकवणं आणखी अवघड, मागच्या खिडकीतून ओरडून सांगावं लागतं. माझं म्हणणं पहिला धडा ओबीवर द्या, तिथे शेजारी उभं राहून दाखवता येतं.

रूटमास्टरला क्लच नाही, फ्लुइड फ्लायव्हील आहे (इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो), म्हणून लोकांना ती सोपी वाटते. सोपी नाही. लग्नाच्या मिरवणुकीत माणसं पुढे चालतायत आणि बस मागे गोगलगायीसारखी, गिअरमध्ये ठेवून ब्रेकवर उभी, असं वीस मिनिटं केलं की फ्लायव्हीलमधलं तेल तापतं आणि ग्लँड, म्हणजे तेल अडवणारं सील, गळायला लागते. थांबलं की न्यूट्रल. दर वेळी. सवय लागेपर्यंत हँडब्रेकवर चिठ्ठी चिकटवा.

बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो असेल तर मंद इंजिनावर तो चार्जच करत नाही. संध्याकाळी सगळे दिवे लावून दाराशी तासभर उभं केलंत तर परत सेल्फ मारायला बॅटरी नाही. हे माझ्यासोबत झालंय, साठ जणांनी ढकलायची तयारी दाखवली पण साडेसात टन आहे हो.

आणि घंटीचे नियम सगळ्यांना एकच हवेत. ब्रिटनमधल्या पद्धतीने एक घंटी थांब, दोन चल, तीन गाडी भरली, चार म्हणजे संकट. मी केबिनमध्ये एकटा असतो, मला मागचं ना दिसतं ना ऐकू येतं, प्लॅटफॉर्मवर कोण चढतंय ते फक्त कंडक्टरला माहीत. पाहुण्यांच्या पोरांना घंटी वाजवायची फार हौस असते, डबल बेल एखाद्या पोराने मारली आणि मी गाडी काढली तर? म्हणून निघायच्या आधी ताईंनी सगळ्यांना सांगायचंच आणि मी तरी आरशात कंडक्टरचा हात वर दिसल्याशिवाय हलत नाही.

लाकडीसांगाडा

इंजिन बदलण्याबद्दल लिहितो, मी बॉडीचं काम करतो, पण हा वाद आमच्याकडे रोज असतो.

"मूळ गाडी" म्हणजे काय हे आधी ठरवा. लंडनच्या बस ओव्हरहॉलसाठी ऑल्डनहॅमच्या वर्कशॉपला जायच्या, तिथे बॉडी वेगळी, खालचं वेगळं, आणि काम झालं की बॉडी ज्या सांगाड्यावरून उचलली त्याच्यावरच परत बसायची असं नाही. नंबर एका गाडीचा, बॉडी दुसरीची. रूटमास्टरला तर पूर्ण चासीच नाही, ॲल्युमिनियमची बॉडीच सगळा भार घेते आणि पुढे-मागे दोन सबफ्रेम बोल्टने लावलेल्या, ती मुळात भाग अदलाबदल करता यावेत म्हणूनच तशी आखली होती. ते वर्कशॉप १९८६ मध्ये बंद झालं. नंतर १९९० च्या दशकात आणि पुढेही किती तरी रूटमास्टरमध्ये कमिन्स नाहीतर इव्हेकोची इंजिनं घातली गेली आणि त्या तशाच ९ डिसेंबर २००५ ला नेहमीच्या मार्गांवरून निवृत्त होईपर्यंत पळाल्या. अमेरिकेत ग्रेहाउंड या बस कंपनीच्या सीनिक्रूझर गाड्या घ्या, १९५४ ते ५६ मध्ये १,००१ बनवल्या, प्रत्येकीत दोन-दोन इंजिनं, ती जोडी इतकी त्रास द्यायला लागली की १९६१-६२ मध्ये कंपनीने दोन्ही काढून एकच मोठं घातलं. म्हणजे चालवणाऱ्यांनी त्या काळातही इंजिनाला पवित्र मानलं नाही. तेव्हा तुमच्या मित्राला पापी म्हणू नका.

पण तरी मी सांगेन, करू नका. कारण तुमच्याकडे भाड्याला येणारा माणूस डोळे मिटले तरी ओळखतो की जुन्या बसमध्ये बसलोय, ते मुख्यतः आवाजामुळे. सीट, रंग, खिडकीची काडी सगळं बरोबर असलं आणि खालून नव्या ट्रकचा आवाज आला की काहीतरी कमी वाटतं, त्याला सांगता येत नाही पण वाटतं. आणि दुसरं म्हणजे नवीन इंजिन बसवताना कुठेतरी कापाकापी होतेच, ब्रॅकेट, एक्झॉस्ट, फळी, ते परत मागे नेता येत नाही. माझा नियम असा की जे बोल्ट काढून पूर्ववत होतं ते बिनधास्त करा. डायनामोच्या जागी अल्टरनेटर टाका (डबलक्लचचं दुखणं तिथेच संपलं), दिवे एलईडी करा पण पिवळसर घ्या, आगीची सूचना देणारं सेन्सर इंजिनापाशी लावा. काढलेला डायनामो तेल लावून, नाव लिहून ठेवा.

ओबीबद्दल कोणी बोललं नाही आणि मला तुमच्या तिघींत तिचीच जास्त काळजी वाटते. त्या काळच्या कोचच्या बॉडीचा सांगाडा लाकडाचा, साधारण ॲश लाकूड, वर पत्रा. बाहेरून चकाचक रंग आणि आत खिडकीखालच्या आडव्या लाकडात पाणी मुरून त्याचा भुसा झालेला असतो. भरलेली गाडी वळणावर थोडी पिळते, तो पीळ सांधे घेतात, सांधा सडलेला असला की दाराचा खांब हलायला लागतो. दार लावताना आज एका जागी घासलं आणि महिन्याने दुसऱ्या जागी, तर दाराला रंधा मारू नका, खांब बघा. टोकदार सळईने खिडकीखाली सगळीकडे टोचून पाहा, सहज आत गेली तर तिथे लाकूड नाहीये. आणि पाऊस येईल अशा दिवशी भाडं असलं तरी दुसऱ्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवून तिला कोरड्या शेडमध्ये वाळू द्या. झाकण घालून उघड्यावर ठेवलेल्या गाड्या मी सगळ्यात वाईट अवस्थेत बघितल्यात, खाली घाम धरतो.

हो, आणि तिचं पेट्रोल. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा खातं. सगळ्या नळ्या आजच्या मालाच्या टाकून घ्या. पेट्रोल आणि गरम इंजिन आणि लाकडी बॉडी, तिन्ही एकत्र आहे तिथे हा खर्च टाळायचा नसतो.

अर्धीकेबिन

एवढं सगळं लिहिलंत, काय बोलू. दोघांनी बसून दोनदा वाचलं, मित्र तर वही घेऊन बसला होता.

ग्रीसगन दादा, रूटमास्टरमध्ये लेलँडच आहे! इंजिनाची प्लेट पुसून बघितली, ओ-६००. आम्हाला घेताना सांगितलं होतं पण त्याचा असा उपयोग आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. त्यामुळे नवीन इंजिनाचा विषय मित्राने स्वतःच मागे घेतला, म्हणाला जादाचं ओ-६०० शोधायला तोच निघतो.

तिकीटवाली ताई, तुमच्या पस्तीस माणसांचं वाचून पोटात कालवलं. मोकळ्या गाडीचा नियम आम्ही घेतला, तीनच गाड्या असेपर्यंत दिवसाला एकच लग्न घ्यायचं, फार तर दोन. पण तुमचं आणि दादांचं जुळत नाहीये, कोच की मेलेली लेलँड? पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत.

ग्रीसगन

लेलँड निघाली म्हणता मग माझं मत थोडं बदलतो. पूर्ण गाडी नको, नुसतं इंजिन आणि पंप मिळाले तरी चालेल, जागाही कमी लागते. उरलेले पैसे कोचसाठी साठवा. फक्त कोच घेताना लेलँडचीच बघा, जमलं तर. तिकीटवाली ताईंच्या कोचला गिऱ्हाईक आहे हे मी नाकारत नाही, आमच्याकडेही तसंच आहे. माझा हट्ट एवढाच की चार गाड्यांना चार वेगळ्या घराण्यांचे भाग लागले तर शेल्फवर काहीच पुरत नाही.

तिकीटवाली

हे मला चालेल. आणि ओबीला लग्नात फक्त नवरा-नवरीसाठी लावा, बाकी वऱ्हाड डबल डेकरमध्ये, अशी जोडी म्हणून एकत्र दर सांगा. जोडीचं बुकिंग पटकन जातं आणि ओबीवर भारही पडत नाही. नवरीच्या कपड्यांसाठी दाराच्या बिजागरीचं ग्रीस त्या सकाळी पुसून घ्या आणि पायरीवर स्वच्छ चादर, हे एवढं केलं की पुढची तीन बुकिंगं त्याच घरातून येतात.

लाकडीसांगाडा

जोडीची कल्पना ओबीसाठी उत्तम. दोन माणसांसाठी ती शंभर वर्षं चालेल.

अर्धीकेबिन

जोडीचं ठरलं. आज सकाळी शेडमध्ये गेलो होतो, आधी ओबीच्या खिडकीखाली सळई टोचली, डाव्या बाजूला मागून दुसऱ्या खिडकीखाली बोटभर आत गेली. उजवीकडे सगळं घट्ट आहे. लाकडीसांगाडा, तुम्हाला फोटो पाठवतो, बघा जरा.

मग पीडी-२ चे पुढचे टायर बघितले. नक्षी अगदी नव्यासारखी, आम्हीच मेळाव्यात लोकांना कौतुकाने दाखवायचो. डावा ११०६, उजवा ४००५. परवाच्या रविवारी मित्राच्या भावाच्या लग्नाला हीच गाडी भरून न्यायचं ठरलं होतं. त्याला आत्ता फोन करून सांगितलं की रूटमास्टर येईल, तिचे टायर चार वर्षांचे आहेत, दोनदा बघून खात्री केली. पीडी-२ जॅकवर चढवलीये, पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवून ठेवलीत. डावीकडचे नट उलटेच निघाले, दादा.